जुन्या फिरत्या घराचे मोल कसे ठरवावे?

अळणावर हे धारवाड जिल्ह्यातील रेल्वेचे जंक्शन होय. हुबळी-धारवाडकडून लोंढ्याकडे व तेथून गोव्याकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो आणि येथूनच एक फाटा दांडेलीच्या दिशेने वळतो. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या या परिसरात मराठी व कन्नड या दोन्ही भाषा नांदत आल्या आहेत. लाकडाच्या वाहतुकीमुळे जुन्या मालमोटारींची पारख करणारी माणसे या भागात पूर्वीपासून आहेत. तथापि अलीकडे एका निराळ्या वाहनाची पारख करण्याची वेळ येऊ लागली आहे. ते वाहन म्हणजे 'कॅराव्हॅन', अर्थात चाकांवरचे घर.

काळी नदी व दांडेलीचे अरण्य पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांची संख्या वाढल्यामुळे अशी जुनी गाडी विकत घेऊन ती भाड्याने चालवावी, असा विचार एखाद्या कुटुंबाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केल्यापासून या व्यवसायाकडे लक्ष वेधले गेले आहे. परंतु अशा गाडीसाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी किंवा घरातील दागिने मोडण्यापूर्वी तिची खरी किंमत काय, हे काढता आले पाहिजे. कर्ज देणारे बँक अधिकारी, लिलावाची बोली ठरविणारे कर्मचारी आणि चक्रवाढीचे गणित शिकविणारे शिक्षक या सर्वांनाच हा विषय उपयोगी पडावा.

एक गाडी, दोन वस्तू

फिरते घर ही वरून एकच वस्तू दिसली, तरी मूल्यमापनासाठी तिचे दोन भाग करावे लागतात. पहिला भाग म्हणजे चेसिस, इंजिन, गिअर, ब्रेक व चाके, अर्थात 'गाडी'. दुसरा भाग म्हणजे पलंग, स्वयंपाकाचा ओटा, शौचालय, पाण्याच्या टाक्या, वातानुकूलन यंत्र व जनित्र, अर्थात 'घर'. भारतातील पुष्कळशा कॅराव्हॅन प्रवासी गाडीच्या किंवा बसच्या चेसिसवर बांधलेल्या असतात. १९८७ पासून बाजारात येऊ लागलेली टेम्पो ट्रॅव्हलर ही त्यांपैकी सर्वांच्या परिचयाची होय.

या दोन भागांची झीज एकसारखी होत नाही. इंजिनाचे सुटे भाग बाजारात मिळतात व ते बदलणारे कारागीर तालुक्याच्या गावी असतात. म्हणून 'गाडी' हळूहळू उतरते. 'घर' मात्र पहिल्या मालकाच्या आवडीनुसार सजविलेले असते. त्याने चामड्याच्या आसनांवर किंवा संगमरवरी दिसणाऱ्या ओट्यावर केलेला खर्च दुसरा मालक भरून देत नाही. शिवाय जितका ऐषाराम अधिक तितके गिऱ्हाईक कमी. साध्या प्रवासी गाडीला वीस गिऱ्हाइके येतील, तेथे आलिशान कॅराव्हॅनला दोन येतात आणि तीही वाट पाहावयास लावतात. विकत घेणाऱ्याने हे विसरता कामा नये. कारण आज तो घेणारा असला, तरी पुढे कधीतरी तोच विकणारा होणार असतो.

पावसाचा हिशेब

अळणावर, लोंढा व दांडेली हा पट्टा सह्याद्रीच्या पायथ्याशी असून पावसाळ्यात येथे हवा दीर्घकाळ दमट राहते. फिरत्या घराचा खरा शत्रू ओल हा होय. छताच्या सांध्यांतून किंवा खिडकीच्या रबरातून शिरलेले पाणी आतील प्लायवूडमध्ये मुरते. बाहेरचा रंग चकचकीत असतो, पण आतील चौकट कुजलेली असते.

म्हणून गाडी उन्हाळ्यात पाहिली असली, तरी शक्य झाल्यास पावसानंतर पुन्हा पाहावी. ते शक्य नसल्यास छतावर पाणी सोडून अर्ध्या तासाने आत शिरावे. भिंतीचे कोपरे, खिडकीखालचा भाग व शौचालयाची जमीन बोटाने दाबावी. दाबताच मऊ लागणारी जागा, फुगलेला पापुद्रा, नव्याने लावलेला एकच तक्ता किंवा कुबट वास या चार खुणांपैकी एकही दिसली, तर सुताराचा अंदाज घेतल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत. गोव्याच्या किनाऱ्यावर अधिक काळ उभी राहिलेली गाडी असल्यास चेसिसच्या खालच्या बाजूचा गंज खरवडून पाहणे आवश्यक आहे. खारी हवा लोखंडाला लवकर खाते.

टायरवरील नक्षी शाबूत आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. कॅराव्हॅन पुष्कळ काळ उभी असते. त्यामुळे टायर झिजण्याआधीच रबर म्हातारे होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. त्यांतील पहिले दोन वर्षातील आठवडा व पुढील दोन वर्ष दाखवितात. '२३१७' असे असल्यास तो टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. त्याचप्रमाणे किलोमीटरच्या आकड्याबरोबर जनित्र किती तास चालले, तेही विचारावे. उभ्या गाडीत रात्रभर चाललेले जनित्र किलोमीटरच्या नोंदीत दिसत नाही. गॅसची नळी, विजेची जोडणी व सांडपाण्याची टाकी यांची तपासणी जाणकाराकडूनच करून घ्यावी, कारण तेथील चूक केवळ पैशाची नसून जीवाची असते.

कागदपत्रांची किंमत

यंत्र उत्तम असूनही कागद अपुरे असल्यास गाडीचे मोल निम्म्यावर येऊ शकते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी दाखल्यातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा मूलभूत बदल गाडीत करता येत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी स्वतंत्र वाहन-उद्योग मानकही आहे. तेव्हा प्रवासी गाडी म्हणून नोंदलेल्या वाहनात नंतर परवानगीशिवाय घर बसविले असेल, तर त्या घराची किंमत शून्य धरून मूळ गाडीचीच किंमत करावी. नोंदणी खाजगी वापराची आहे की भाड्याच्या, हेही पाहावे. खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने देणे नियमबाह्य आहे. व्यवसायाच्या आशेने ती घेणाऱ्यास पुढील खर्च आधीच वजा करावा लागेल.

सीमाभागात आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. कोल्हापूरची किंवा गोव्याची गाडी अळणावरास आणल्यास मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र नमुना २८ मध्ये घ्यावे लागते. मालकी-बदलासाठी नमुने २९ व ३० आणि कर्ज फिटले असल्यास बोजा उतरविण्यासाठी नमुना ३५ लागतो. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची असेल, तर कलम ४७ नुसार तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी द्यावा लागणारा कर ही खरेदीच्या किमतीतून वजा होणारी रक्कम होय. विकणाऱ्यानेही मालकी-बदल लांबणीवर टाकू नये. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे.

परदेशी गाड्यांविषयी एक इशारा देणे अगत्याचे आहे. १९६० व १९७० च्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान या मार्गाने प्रवासी अशा गाड्या घेऊन गोव्यापर्यंत येत असत. १९७९ मधील इराणची क्रांती व अफगाणिस्तानात शिरलेल्या सोव्हिएत फौजा यांमुळे तो ओघ आटला. परंतु 'कार्ने' नावाच्या सीमाशुल्क-हमीपत्रावर परदेशी गाडी तात्पुरती आणण्याची पद्धत आजही आहे. अशी गाडी मुदतीत परत न्यावी लागते. ती कोणी स्वस्तात देऊ केली, तरी तिला आपल्याकडे कायदेशीर किंमत नाही असेच समजावे.

तीन वाटांनी एक उत्तर

किंमत काढण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली खर्चाची : आज तशीच नवी वस्तू केवढ्याला पडेल व त्यातून घसारा किती जाईल. दुसरी बाजाराची : त्याच वयाच्या व त्याच चेसिसच्या गाड्या प्रत्यक्षात केवढ्याला विकल्या गेल्या. येथे मागितलेली किंमत धरू नये, ठरलेली धरावी. तिसरी उत्पन्नाची : उरलेल्या आयुष्यात ती गाडी किती मिळवून देईल.

घसाऱ्याची सर्वपरिचित मोजपट्टी विम्याची आहे. गाडी ६ महिन्यांपर्यंतची असल्यास ५ टक्के, १ वर्षापर्यंत १५, २ वर्षांपर्यंत २०, ३ वर्षांपर्यंत ३०, ४ वर्षांपर्यंत ४० व ५ वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरतात. पाच वर्षांपुढे मात्र विमा कंपनी व मालक यांच्या संमतीने रक्कम ठरते. म्हणजे जुन्या गाडीसाठी तयार कोष्टक नसते, हिशेबच करावा लागतो.

उदाहरणादाखल पुढील आकडे घेऊ. ते केवळ रीत समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. समजा, ९ वर्षांच्या एका कॅराव्हॅनसाठी ८ लाख रुपये मागितले जात आहेत. तशीच नवी मूळ गाडी आज २० लाखांना पडते व आतील घरास १२ लाख लागतात.

गाडीचा घसारा दरसाल, शिल्लक किमतीवर, १५ टक्के धरल्यास ९ वर्षांनी मूळ किमतीचा सुमारे ०.२३२ भाग उरतो, म्हणजे ४ लाख ६३ हजार. घराची झीज जलद असल्याने तिचा दर २५ टक्के धरला, तर ०.०७५ भाग उरतो, म्हणजे ९० हजार. बेरीज ५ लाख ५३ हजार झाली. आता टायरसाठी ६० हजार, बॅटरीसाठी २५ हजार व छताच्या दुरुस्तीसाठी ४५ हजार, असे १ लाख ३० हजार वजा करावे. नोंदणी व करासाठी ४० हजार धरल्यास उत्तर ३ लाख ८३ हजार येते.

हे उत्तर उत्पन्नाच्या वाटेने पडताळून पाहू. समजा, भाड्याची रीतसर नोंदणी असलेली ही गाडी वर्षात ६० रात्री, दर रात्री ४ हजार रुपयांनी जाते. उत्पन्न २ लाख ४० हजार झाले. चालक, इंधन, विमा, कर, दुरुस्ती व जागाभाडे यांचा खर्च १ लाख ६० हजार धरल्यास ८० हजार उरतात. असे ५ वर्षे मिळतील. पण पाच वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. व्याजाचा दर १० टक्के धरून या पाच हप्त्यांचे आजचे मोल ३ लाख ३ हजार होते. अखेरीस गाडी मोडीत जाईल. वाहन-मोडीच्या धोरणात नव्या गाडीच्या शोरूममधील किमतीच्या सुमारे ४ ते ६ टक्के रक्कम मोडीची किंमत म्हणून सुचविलेली आहे. २० लाखांचे ४ टक्के म्हणजे ८० हजार. त्याचे आजचे मोल सुमारे ५० हजार. एकूण ३ लाख ५३ हजार.

दोन्ही वाटांची उत्तरे ३ लाख ५३ हजार ते ३ लाख ८३ हजार या पट्ट्यात आली. बाजारातील एक-दोन प्रत्यक्ष व्यवहारांनी त्यास दुजोरा मिळाला, तर पावणेचार लाखांच्या आसपास सौदा योग्य ठरेल. याउलट ८ लाखांचे कर्ज १२ टक्के व्याजाने काढून गाडी घेतल्यास पहिल्या वर्षाचे व्याजच ९६ हजार होते आणि गाडीची निव्वळ मिळकत ८० हजार. मुद्दल फिटणे दूरच, व्याजासाठीही शेतातील धान्य विकावे लागेल. आलिशान गाडी दारात उभी राहील आणि सातबारा बँकेत राहील.

वयाची मर्यादा

उरलेले आयुष्य ५ वर्षे धरण्यास कारण आहे. खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांपर्यंत चालते व पुढे ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. १५ वर्षांपुढील वाहनांच्या नूतनीकरणाचे व योग्यता-तपासणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढले आहे. भाड्याच्या वाहनास तर ठरावीक काळाने योग्यता प्रमाणपत्र घ्यावेच लागते. म्हणून चौदाव्या वर्षी घेतलेली स्वस्त गाडी पंधराव्या वर्षी महाग पडण्याचा संभव असतो. तसेच अरण्यालगत गाडी उभी करून मुक्काम करण्यास वनखात्याची परवानगी लागते, हेही व्यवसायाच्या हिशेबात धरावे.

शाळेसाठी स्वाध्याय

शिक्षकांना हा पाठ वर्गात घेता येईल. वरील उदाहरणात घराच्या झिजेचा दर २५ ऐवजी २० टक्के धरल्यास अंतिम किमतीत किती फरक पडतो? भाड्याच्या रात्री ६० ऐवजी ४५ झाल्या व खर्चात ३० हजारांचीच बचत झाली, तर वार्षिक शिल्लक किती राहील? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ५० हजार येते. १५ रात्री रिकाम्या गेल्या एवढ्याने मिळकत तीन-अष्टमांशाने घटली, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आले, म्हणजे धंद्यातील धोका म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागणार नाही.

बैल घेताना दात पाहावे, चालवून पाहावे व नांगराला जुंपून पाहावे, ही रीत शेतकऱ्यास ठाऊक आहे. शिंगांना लावलेला रंग पाहून तो पैसे मोजत नाही. जुन्या फिरत्या घराची पारखही याच रीतीने करावयाची आहे. चेसिस पाहावी, ओल शोधावी, कागद वाचावे, तीन वाटांनी हिशेब करावा आणि उत्तरे जुळत नसल्यास हात आखडता घ्यावा. न घेतलेल्या गाडीमुळे कोणाचे शेत गेल्याचे ऐकिवात नाही.