शासकीय गुपिते आणि जनतेचा अधिकार

ब्रिटिश राजवटीने १९२३ मध्ये केलेला शासकीय गुपिते अधिनियम स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला. ‘गुपित’ म्हणजे काय, याची व्याख्या मात्र त्यात नाही. साहजिकच काय लपवावे हे अधिकारीच ठरवितात. राज्यकारभार जाणण्याचा जनतेला अधिकार आहे, पण तो निरंकुश नाही, असे न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी १९७५ मध्ये राजनारायण खटल्यात म्हटले.

या विचाराची कसोटी लागली ती राफेल विमानांच्या प्रकरणात. संरक्षण मंत्रालयातील गोपनीय कागद वृत्तपत्रात छापून आले. ते गैरमार्गाने मिळविलेले असल्याने न्यायालयाने पाहू नयेत, असा सरकारचा आक्षेप होता. जे साऱ्या देशाने वाचले ते केवळ न्यायाधीशांनी वाचू नये, हा युक्तिवाद विचित्रच म्हणावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी तो एकमताने फेटाळला. कागद विचारात घेतले गेले; तथापि नोव्हेंबरमध्ये पुनर्विलोकनाचे अर्जही फेटाळण्यात आले.