साताऱ्याचा ‘ला’ आणि इंग्रजीचा ‘टू’

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला सापडली. पानोपानी वाक्यंच वाक्यं! माझा मुलगा रोज डिक्शनरीतले शब्द पाठ करतो, पण वाक्य जुळवायची वेळ आली की अडतो. जुनी रीत खरंच चांगली होती का?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी नेहमीची गल्लत दूर करू. मराठीचं व्याकरण लिहिणारे (१८३६) ते दादोबा पांडुरंग तर्खडकर. पाठमाला द्वारकानाथ राघोबांची. तिची रीत अशी : थोडे शब्द, थोडे नियम, मग इंग्रजी वाक्यांचं मराठी आणि मराठी वाक्यांचं इंग्रजी. खरी परीक्षा या दुसऱ्या भागात.

‘रीच’ म्हणजे पोहोचणे, हे चिरंजीवांना पाठ असेलच. आता ‘आम्ही नऊला साताऱ्याला पोहोचलो’ याचं इंग्रजी करायला सांगा. बरीच मुलं ‘वी रीच्ड टू सातारा’ म्हणतात. हा ‘टू’ आला कुठून? साताऱ्याला लावलेल्या आपल्या ‘ला’मधून! बरोबर वाक्य ‘वी रीच्ड सातारा ॲट नाइन’. नऊच्या ‘ला’साठी ‘ॲट’, साताऱ्याच्या ‘ला’साठी काहीच नाही. ‘विषयावर चर्चा’तला ‘वर’ असाच ‘डिस्कस’च्या मागे ‘ऑन’ लावतो, ‘तिच्याशी लग्न’मधला ‘शी’ ‘मॅरी’च्या मागे ‘विथ’. नुसती यादी घोकणाऱ्याला ही ठेच लागतच नाही. लागते ती थेट मुलाखतीत.

शिवाय यादीतला अर्थ बहुधा एकच असतो. ‘फेच’ म्हणजे जाऊन आणणे. पण सांगलीच्या सौद्यात हळदीला चांगला दर मिळाला, तर इंग्रजीत ‘द टर्मरिक फेच्ड अ गुड प्राइस’.

मात्र पाठमालेतलीच वाक्यं मुलाला घोकायला लावू नका. तिची भाषा आता जुनी झाली. १९८७ साली आलेल्या कॉलिन्स कोबिल्ड कोशानं छापील आणि बोलण्यातल्या खऱ्या वाक्यांचा मोठा साठा जमवून त्यातली उदाहरणं दिली. असा, विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी–इंग्रजी कोश घ्या. रोज चार-पाचच शब्द पुरेत. कोशातलं वाक्य वाचून त्याच धर्तीवर घरचं, एसटीतलं, शेतातलं एक वाक्य त्यानं स्वतः रचावं. शिक्षकांकडून तपासून घ्यावं. वहीच्या डाव्या बाजूला मराठी, उजवीकडे इंग्रजी. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू झाकून पुन्हा लिहायचं.