भुलीची भीती वाटते? आधी भूलतज्ज्ञांना भेटा, मग ॲडव्हान्स भरा

अपेंडिक्स फुटायला आलं की माणूस मुकाट्याने टेबलावर झोपतो. तिथे भुलीचा विचार करायला सवडच नसते. नाकाची ठेवण बदलणं, बाळंतपणानंतर सुटलेलं पोट आवळून घेणं, पुरुषांच्या छातीचा वाढलेला भाग काढणं, चरबी काढणं, या शस्त्रक्रिया मात्र आपण ठरवून, तारीख घेऊन करतो. त्यामुळे मधल्या दिवसांत मन पोखरायला भरपूर वेळ मिळतो. धडधाकट असताना हे कशाला ओढवून घ्यायचं? भुलीतून उठलोच नाही तर? मध्येच जाग आली तर? भुलीत काहीबाही बोलले तर? त्यात घरच्यांचं ‘काही अडलंय का तुझं?’ चालूच असतं.

ही भीती रास्त आहे. ती लपवून ॲडव्हान्स भरायचा आणि आदल्या रात्री शस्त्रक्रिया रद्द करायची, हा सगळ्यांत महागडा मार्ग. माझं सांगणं एवढंच आहे: भूलतज्ज्ञांशी आधीच्या दिवसांत प्रत्यक्ष भेट नसेल तर ते पॅकेज घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त असो.

आधी खर्चाचं बघू. पुण्या-मुंबईत विचारणा केली तर छातीच्या वाढीसाठी (गायनेकोमास्टिया) साधारण ५० हजार ते सव्वा लाख, नाकासाठी ८० हजार ते अडीच लाख, पोट आवळण्यासाठी सव्वा ते तीन लाख अशी उत्तरं मिळतात. रुग्णालय, शहर आणि सर्जन यांप्रमाणे हे आकडे वरखाली होतात. यात भुलीचा वाटा किती, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. सर्जनच्या फीच्या पाव ते एक तृतीयांश इतकी भूलतज्ज्ञांची फी असण्याची पद्धत आहे. भुलीची औषधं, ऑक्सिजन आणि ओटीचे (ऑपरेशन थिएटरचे) पैसे बऱ्याच ठिकाणी निराळे लागतात. आधीची तपासणी, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत पीएसी, सहसा ५०० ते १,५०० रुपयांत होते. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी आणि गरज पडल्यास छातीचा एक्स-रे यांचे आणखी दोन-चार हजार धरा. लाखाच्या खर्चात हे हजार-पाचशे रुपये सगळ्यांत जास्त कामाला येतात.

जीएसटी लोक हमखास विसरतात. इतर उपचारांना मिळणारी करमाफी निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला नाही, तिच्यावर कर लागतो. म्हणजे पॅकेज सांगितलेल्या रकमेपेक्षा महाग पडतं. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, अपघात किंवा इजा यांमुळे बिघडलेला अवयव पूर्ववत करायचा असेल तर हा कर नाही. आरोग्य विम्यातही तसंच आहे. सौंदर्य-शस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळलेली असते. अपघात, भाजणं, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज असेल तरच दावा मंजूर होऊ शकतो. नाकाच्या वाकड्या पडद्यामुळे श्वास अडत असेल तर तेवढ्या भागाबद्दल विमा कंपनीला आधी लेखी विचारून ठेवा.

आता त्या भेटीकडे येऊ. आपल्याकडे लहान रुग्णालयांत पूर्णवेळ भूलतज्ज्ञ नसतात. सर्जन बोलावतील तिथे ते जातात, आणि एका दिवसात अनेक रुग्णालयं करतात. त्यामुळे रुग्णाला ते पहिल्यांदा दिसतात ते ओटीच्या दिव्याखाली, तोंडाला मास्क बांधलेले. मनातले प्रश्न विचारायची ती वेळ नव्हे. ‘भूल कोण देणार, त्यांना कधी भेटता येईल?’ हे सर्जनच्या पहिल्याच भेटीत विचारा. नाव कळलं की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदणी पाहता येते. भूलशास्त्रातली एमडी, डीएनबी किंवा डीए यांपैकी पदवी-पदविका असायला हवी. यात संकोच कसला?

चांगल्या तपासणीत भूलतज्ज्ञ तुम्हाला ‘आ’ करायला लावतात. तोंडात तीन बोटं उभी मावतात का, मान मागे किती जाते, एखादा दात हलतो का, कवळी आहे का, हे बघतात. श्वासनलिकेत नळी घालायला सोपं जाईल की अवघड, याचा अंदाज त्यावरून येतो. वर्षानुवर्षं गुटखा खाणाऱ्यांचं तोंड पुरेसं उघडत नाही. हे आधी कळलं तर वेगळी तयारी करता येते. टेबलावर कळलं तर धावपळ होते. म्हणून गुटखा, सिगारेट, दारू, मिश्री जे असेल ते सांगा. सासूबाई किंवा सासरे शेजारी बसले असतील आणि जीभ रेटत नसेल, तर ‘डॉक्टर, दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय’ म्हणा. ते लगेच समजून घेतात.

वजन कमी करण्याची आठवड्याची इंजेक्शनं घेत असाल, सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड, तर ती आवर्जून सांगा. चरबी काढायला येणाऱ्यांत ती आता बरेच जण घेतात, आणि सर्जनना सांगितलं की काम झालं असं समजतात. या औषधांमुळे पोट सावकाश रिकामं होतं. नेहमीइतका उपास करूनही पोटात अन्न राहू शकतं आणि ते भुलीत फुफ्फुसात उतरण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दम्याचा पंप, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णंही सांगा. मनानेच काही बंद करू नका.

घराण्यात कुणाला भुलीनंतर खूप उशिरा श्वास परतला होता का, कुणाला भयंकर ताप चढला होता का, हेही घरी विचारून जा. स्नायू सैल करणारं एक औषध शरीरातल्या एका एन्झाइममुळे मिनिटांत उतरतं. काही माणसांत ते एन्झाइम जन्मतःच कमी असतं, आणि मग औषधाचा अंमल तासन्‌तास राहतो. आर्य वैश्य समाजात हा दोष तुलनेने जास्त आढळल्याची वैद्यकीय नोंद आहे. आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ दुसरं औषध वापरतात, विषय तिथेच संपतो. ‘मावशीला ऑपरेशननंतर रात्रभर मशीनवर ठेवलं होतं’ ही घरातली जुनी गोष्ट अशी कामाला येते.

आता त्या दोन मोठ्या भीतींबद्दल. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांचं रॉयल कॉलेज रुग्णांना सांगतं, की भुलीमुळेच थेट मृत्यू येण्याचं प्रमाण साधारण लाखात एक आहे. मध्येच जाग येण्याबद्दल तिथे २०१४ मध्ये मोठी देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. पूर्ण भुलीच्या सुमारे १९ हजार वेळांमागे एक तक्रार, असं त्यात दिसलं. हे आकडे सुसज्ज रुग्णालयांतले आहेत. म्हणून आपल्या निवडलेल्या जागी काय सोयी आहेत ते बघावंच लागतं: नाडी, रक्तदाब, ईसीजी, ऑक्सिजन आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत दाखवणारा मॉनिटर, हृदयाला शॉक देणारं यंत्र, आणि आयसीयू त्याच इमारतीत नसेल तर कुठल्या रुग्णालयाशी करार आहे. भूलतज्ज्ञ शस्त्रक्रिया संपेपर्यंत ओटीतच थांबणार ना, हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. भुलीत गुपितं फुटतील ही भीती मात्र सोडून द्या. पूर्ण भुलीत माणूस बोलत नाही. शुद्धीवर येताना काही असंबद्ध शब्द निघतात, आणि तिथल्या लोकांना ते रोजचं असतं. मळमळ, थंडी वाजणं, घसा दुखणं हे मात्र बऱ्यापैकी होतं. त्यावर औषधं आहेत.

नेमकं काय होणार हे आधी ऐकलं की धडधड कमी होते. बोटाला चिमटा लावतात, दंडाला पट्टा, छातीवर तीन-पाच चिकट्या. म्हणून नेलपॉलिश काढून जा, मंगळसूत्र आणि लेन्स घरी ठेवा. हातावर सलाईनची सुई असते. तिच्यातून दुधासारखं पांढरं औषध जातं, हाताला क्षणभर चरचरतं, आणि मिनिटभराच्या आत सगळं शांत. सुईआधीच घबराट होत असेल तर तसं सांगा, मन शांत करणारं औषध आधी देता येतं. आठवडाभर झोपच लागत नसेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे.

भीतीपोटी किंवा पैसे वाचवायला ‘जागेवरचीच भूल द्या’ म्हणण्याआधी थांबा. पापण्या, कानाची पाळी, केशरोपण, लहान भागाची चरबी यांना जागेवरची भूल पुरते आणि खर्चही उतरतो. मोठ्या भागाच्या चरबीला तीच भूल भूलतज्ज्ञाशिवाय दिली तर औषधाची एकूण मात्रा धोक्याच्या पलीकडे जाऊ शकते. तसंच ‘एकाच भुलीत दोन्ही कामं उरकू, ओटीचे पैसे वाचतील’ हा प्रस्ताव. वेळ वाढला की पायात रक्ताची गाठ होण्याचा धोकाही वाढतो. या प्रस्तावावर भूलतज्ज्ञांचं मत वेगळं विचारा.

ॲडव्हान्स देताना तीन गोष्टी लेखी घ्या: भूल आणि ओटी धरून करासह एकूण रक्कम, भूलतज्ज्ञांनी फिटनेस नाकारला तर किती परत, आणि तुम्ही स्वतः मागे सरलात तर किती कापणार. महाराष्ट्रात रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावायची असते, ती वाचा. संमतीपत्र घाईत सही करायचा कागद नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं, की जीव वाचवण्याचा प्रश्न नसेल तर संमती दिली त्यापलीकडची शस्त्रक्रिया करता येत नाही. पैशांवरून फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात तक्रार शुल्कही नाही.

उपासाचे तास भूलतज्ज्ञ सांगतील तेच पाळा. सहसा साध्या खाण्याला सहा तास, तेलकट जेवणाला आठ आणि पाण्याला दोन. दुधाचा चहा पाण्यात धरू नका. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही, आणि रात्री घरात मोठं माणूस हवं. एकटे राहत असाल तर एका रात्रीच्या अटेंडंटचे पैसे आधीच हिशेबात धरा. डिस्चार्जच्या वेळी भुलीच्या नोंदीच्या कागदाची प्रत मागून घ्या. कुठली औषधं किती दिली, नळी घालताना त्रास झाला का, हे त्यात असतं, आणि पुढच्या कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ तोच कागद पहिल्यांदा बघायला मागतात.