हात मागे ठेवून बघ

अगं, उद्यापासून बालवाडीत रंग काढणार आहेस ना, मग आधी तयारीचं ऐक. निम्मं काम मुलं यायच्या आधीच व्हायला हवं. कागद मोठा घे. तीन-चार वर्षांच्या मुलाचा हात वहीच्या पानावर मावत नाही. त्या वयात रेघ बोटांतून नाही, खांद्यातून येते. जुन्या कॅलेंडरची पाठ, वर्तमानपत्र, काहीही चालेल. तो जमिनीवर पसर आणि चारही कोपरे चिकटव, नाहीतर कागद धरून ठेवण्यातच पोर दमतं.

रंग तीनच ठेव, लाल, पिवळा, निळा, आणि प्रत्येक वाटीत वेगळा ब्रश. विकतचे परवडत नसतील तर मैद्याची खळ शिजव आणि तिच्यात गेरू, हळद आणि निळ्याऐवजी कोळशाची वस्त्रगाळ पूड कालव. खळ पळीवाढी हवी. पातळ झाली की रंग ओघळतो आणि मूल रडकुंडीला येतं. ब्रश नसला तर बांबूची काडी आहेच. वारली बायका तिचं टोक चावून तंतू मोकळे करतात आणि तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहितात. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये अनुताई वाघांबरोबर त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आसपास जे मिळेल त्यातूनच त्यांनी मुलांची साधनं उभी केली. त्यामुळे पैसे नाहीत ही सबब माझ्याकडे आणू नकोस.

मग बस. उभं राहून वरून बघायचं नाही. मुलांच्या उंचीला, थोडं बाजूला बसायचं आणि हात मागे ठेवायचे. सगळ्यात अवघड हेच आहे, खरंच सांगते.

काय बघायचं? दोन वर्षांचं पोर आधी नुसतं इकडून तिकडे गिरगटतं. मग गोल गोल फिरवतं आणि एक दिवस तो गोल बंद होतो. त्या दिवशी मला अजूनही आनंद आवरत नाही. काही महिन्यांत गोलाला डोळे येतात आणि डोक्यालाच पाय फुटतात. ‘धड कुठे गेलं?’ असं विचारू नकोस. ते आपल्या वेळेला येईल. रोडा केलॉग या अमेरिकन बाईंनी मुलांची लाखो चित्रं जमवली, तर देशोदेशीची मुलं याच वाटेनं चाललेली त्यांना दिसली. पुढे पाच-सहाव्या वर्षी खाली जमिनीची रेघ येते, आणि बस काढली की आतली माणसंही बाहेरून दिसतात. ती चूक नाही. मुलाला जे ठाऊक आहे ते ते काढतं.

‘हे काय आहे?’ हा प्रश्न बंद. पुष्कळदा ते काहीच नसतं, तुझ्या समाधानासाठी मूल नाव बनवतं. ऊठसूट ‘छान, छान’ही नको, नाहीतर प्रत्येक फटकाऱ्यानंतर ते तुझ्या तोंडाकडे बघायला लागेल. दिसतंय तेवढंच बोल: ‘हा निळा पार कोपऱ्यापर्यंत गेला की!’

एखादं मूल छान घर काढेल आणि त्यावर सगळा काळा फासेल. तुझा हात कागद ओढून घ्यायला शिवशिवेल. थांब, ते काय पुटपुटतंय ते ऐक. बहुतेक वेळा घरावर रात्र झालेली असते, नाहीतर पाऊस आलेला असतो.

आणि ‘ताई, हत्ती काढून द्या’ असं म्हणालं तर काढून देऊ नकोस. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी आणि झोपडी हे चित्र घराघरात असंच कुणीतरी काढून दिल्यामुळे पोचलंय, आणि त्यापायी कितीतरी मुलांनी आपल्या दारातला खरा डोंगर कधी काढलाच नाही. त्यापेक्षा म्हण, ‘हत्ती चालतो कसा? दाखव बरं.’ मूल सोंड हलवत खोलीभर फिरेल आणि मग स्वतःच कागदाशी जाईल. जे उमटेल तोच त्याचा हत्ती.

चित्राच्या पाठीवर नाव, तारीख आणि मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिही; पुढच्या बाजूला काही लिहायचं नाही. पालकसभेला एकच देखणं चित्र भिंतीवर लावू नकोस, एकेका मुलाची महिन्याभराची चित्रं ओळीनं मांड. आयांना आधीच सांग, वडलांचा जुना शर्ट पुढची बाजू मागे करून घालून पाठवा. हळदीचा डाग उन्हात उडतो, गेरूचा सहजी जात नाही, आणि तुझ्याकडे पहिली तक्रार त्याचीच येणार आहे.