पाणी गढूळ करणारे पाय

शास्त्राभ्यास : यहेज्केल ३४:१७-२२



यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चौतिसावा अध्याय आपण चांगल्या मेंढपाळाचा अध्याय म्हणून ओळखतो. मेंढपाळांना दिलेला दोष आपल्या लक्षात राहतो. परंतु याच अध्यायात परमेश्वर मेंढरांचाही न्याय करतो, तिकडे आपले सहसा लक्ष जात नाही. कळपातल्या धष्टपुष्ट मेंढरांना तो विचारतो की, चांगल्या कुरणात पोटभर चरल्यावर उरलेले गवत तुम्ही पायांखाली का तुडवता? स्वच्छ पाणी पिऊन झाल्यावर उरलेले पाणी पायांनी गढूळ का करता? तुमच्या मागून येणाऱ्या अशक्त मेंढरांना तेच तुडवलेले खावे लागते आणि तेच गढूळ पाणी प्यावे लागते.

येथे एक गोष्ट नीट पाहू या. परमेश्वर चरण्याला दोष देत नाही, पाणी पिण्यालाही नाही. त्याने कुरण आणि पाणी सर्वांसाठीच निर्माण केले. दोष आहे तो आपली गरज भागल्यावर उरलेल्याची नासाडी करण्याला. आज ज्याला आपण पर्यटन म्हणतो, त्याला हा उतारा अगदी नेमका लागू पडतो. तो समजण्यासाठी आपण आधी एक दूरचे उदाहरण घेऊ आणि मग आपल्या नदीकडे येऊ. दूरचे उदाहरण कोकणातल्या मालवणच्या समुद्राचे आहे.

मालवणचे प्रवाळ

आपल्यापैकी काही कुटुंबे गोव्याला संत फ्रान्सिस झेविअर यांच्या दर्शनाला जातात. येताजाता पुष्कळ जण मालवण-तारकर्लीला थांबतात. तेथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्राच्या तळाशी प्रवाळ आहेत. दागिन्यातले पोवळे आपल्याला माहीत असते, तेही एका प्रकारचे प्रवाळच. प्रवाळ दिसायला दगडासारखे किंवा झुडपासारखे असले तरी ते दगडही नव्हे आणि झाडही नव्हे. हजारो बारीक जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन आपले घर बांधतात. काही जातींचे हे घर वर्षाला काही मिलिमीटरच वाढते. म्हणजे आपल्या तळहाताएवढा तुकडा तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात. जगातल्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या सुमारे एक चतुर्थांश जातींच्या जीवांना कधी ना कधी त्यांचा आसरा लागतो. मासळीची पिले तेथे लपतात, वाढतात. प्रवाळ गेले की मासळी कमी होते आणि मासळीवर जगणाऱ्या कोळी बांधवांच्या घरातली चूलही मंदावते.

हा ठेवा जपण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. पुढे पाण्याखाली उतरून प्रवाळ पाहण्याची सोय झाली आणि पर्यटक वाढले. पाहण्याने प्रवाळाचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते होडीचा नांगर त्यावर टाकल्याने, दमलेल्या माणसाने त्यावर उभे राहिल्याने, फोटोसाठी त्याला धरल्याने आणि आठवण म्हणून तुकडा मोडून आणल्याने. माशांनी जवळ यावे म्हणून पाव-बिस्किटे टाकणेही त्यांना अपायकारकच असते. एका माणसाचा पाय क्षणभर पडतो, पण असे पाय रोज पडले तर काय उरणार? त्यातच समुद्राचे पाणी तापू लागले आहे. पाणी फार तापले की प्रवाळ पांढरे पडतात आणि पुष्कळदा मरतात. जगभर असे होण्याची चौथी लाट आल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. आधीच आजारी असलेल्यावर आपण वरून पाय देत आहोत.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ हा आपल्या देशाचा कायदा आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाचे नाव आहे. २००१ मध्ये त्याच अनुसूचीत प्रवाळांचाही समावेश झाला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रवाळाचा तुकडा तोडणे ही किरकोळ गोष्ट नाही. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली असून, पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

मग प्रवाळ सुरक्षित का नाहीत? कारण पाण्याखाली कोणी काय मोडले हे वरून दिसत नाही. समुद्रावर गस्त घालणे अवघड आणि खर्चाचे असते. शिवाय मालवणच्या मच्छीमारांनी या अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध केला. आपली पारंपरिक मासेमारी बंद होईल, ही त्यांची भीती होती. ती समजून घेतली पाहिजे. ज्यांचे पोट समुद्रावर आहे त्यांच्यावर बंधने येणार आणि मजेसाठी येणारा मात्र मोकळा राहणार, असे लोकांना वाटले तर कायदा कागदावरच राहतो. यहेज्केलच्या उताऱ्यात पुढे परमेश्वर म्हणतो की, मी स्वतः पुष्ट आणि रोड मेंढरांमध्ये न्याय करीन. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यांनी हे वचन ध्यानात ठेवावे. दंडाची पहिली वेळ नेहमी गरिबावरच येत असेल तर तो न्याय नव्हे.

अंमलबजावणी झाली तर निसर्ग उभारी धरतो, याचेही उदाहरण आहे. थायलंडमधील माया बे या लहानशा खाडीत एका चित्रपटामुळे रोज हजारो पर्यटक येऊ लागले आणि तेथील प्रवाळांची मोठी हानी झाली. जून २०१८ मध्ये तेथील सरकारने ती खाडी बंद केली. पर्यटकांपासून मिळणारे उत्पन्न सोडून ती जानेवारी २०२२ पर्यंत बंदच ठेवली. त्या काळात प्रवाळांची पुन्हा लागवड झाली आणि लहान शार्क मासे परत आले. आता होड्यांना खाडीत शिरण्यास मनाई आहे आणि दरवर्षी काही काळ ती विश्रांतीसाठी बंद असते. जमिनीला सातव्या वर्षी विसावा द्यावा, हा बायबलमधला नियम (लेवीय २५) आपल्याला येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

आता आपल्या नदीकडे

भामरागडला समुद्र नाही. पण ज्या कायद्याने मालवणचे प्रवाळ राखले आहेत, त्याच कायद्याने १९९७ मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे भामरागड अभयारण्य झाले. त्याच्या नियमांप्रमाणे अभयारण्यात कचरा टाकणे, वन्य प्राण्याला छेडणे, आग लावणे आणि स्फोटके किंवा विषारी पदार्थ वापरणे यास मनाई आहे. हे नियम वनरक्षकापुरते नाहीत. सहलीला आलेल्या प्रत्येकाला ते लागू आहेत.

आपल्याकडे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. तो पाहायला आणि हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाला भेट द्यायला दूरदूरचे लोक येतात. ते येतात याचा आपल्याला आनंदच आहे. परंतु काठावर जेवणे झाल्यावर काय मागे राहते ते आपण पाहतो. प्लास्टिकच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, फुटलेली काच आणि विझवायची राहिलेली चूल. पाहुणा संध्याकाळी निघून जातो. दुसऱ्या दिवशी त्याच काठावर माडिया भगिनी पाणी भरायला येतात, मुले मासे धरायला अनवाणी उतरतात. स्वच्छ पाणी कोण प्याले आणि गढूळ कोणाच्या वाट्याला आले, हे यहेज्केलने आणखी वेगळे सांगायला नको.

हा कचरा येथेच राहत नाही. पावसाळ्यात नदी फुगली की तो इंद्रावतीत जातो. इंद्रावती सिरोंचा तालुक्यात सोमनूरला गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणून समुद्रातले जीव आपल्यापासून दूर आहेत असे म्हणता येत नाही. आपली नदी आपल्याला त्यांच्याशी जोडते. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या व थर्माकोलच्या वस्तूंवर महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून बंदी आहे आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड आहे. तरीही आपल्या लग्नसमारंभात आणि सणाच्या जेवणावळीत त्या ताटल्या दिसतात. पाहुण्यांना बोट दाखवण्याआधी आपली पंगत पाहिलेली बरी.

आपल्या विदर्भातच घडलेली आणखी एक घटना पाहू. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सी गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. त्याचे चित्रण सर्वत्र पसरले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालकांवर आणि मार्गदर्शकांवर निलंबनाची व दंडाची कारवाई झाली. ती योग्यच होती. पण चालक गाडी जवळ का नेतो? गाडीत बसलेल्यांना अगदी जवळून पाहायचे असते आणि ते खूश झाले तर बक्षिसी मिळते. मागच्या बाकावर बसून 'अजून थोडी पुढे घ्या' म्हणणाराही त्या गुन्ह्यात वाटेकरी असतो. मालवणच्या होडीतही असेच घडते.

ख्रिस्तसभेची शिकवण

अनुवादाच्या पुस्तकात (२२:६-७) एक लहानसा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिलांबरोबर आईला धरू नये, तिला जाऊ द्यावे. घ्या, पण पुढची पिढी संपवू नका, असा त्याचा अर्थ. सृष्टीच्या रक्षणाचा कायदा ही आजकालची कल्पना नाही, हे यावरून दिसते.

कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २४१५) निर्मितीचा मान राखण्याची शिकवण सातव्या आज्ञेखाली, म्हणजे 'चोरी करू नकोस' या आज्ञेखाली दिली आहे. हे लक्षात घेण्यासारखे आहे. प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालणारा किंवा डोहात विष टाकून सगळी मासळी मारणारा माणूस आपल्या नंतरच्यांची वस्तू चोरतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात (परिच्छेद ४१) प्रवाळांचा नाव घेऊन उल्लेख केला आहे. फिलिपाइन्सच्या बिशपांनी १९८८ मध्येच, समुद्रातले हे अद्भुत जग निर्जीव कोणी केले, असा प्रश्न आपल्या लोकांना विचारला होता. त्याची आठवण पोपमहोदयांनी तेथे करून दिली आहे.

आपण काय करावे?

१. सहलीला किंवा यात्रेला जाताना स्टीलची ताटे, पाण्याच्या बाटल्या आणि कचऱ्यासाठी एक पोते बरोबर न्यावे. जेवढे नेले तेवढे परत आणावे.

२. मालवणला पाण्यात उतरलात तर प्रवाळाला हात लावू नये, त्यावर उभे राहू नये, माशांना खाऊ घालू नये. प्रवाळाचा किंवा मोठ्या शंखाचा तुकडा कोणी विकायला आणला तरी घेऊ नये.

३. होडीवाल्याला किंवा गाडीच्या चालकाला 'आणखी जवळ न्या' असा आग्रह करू नये. जो नियम पाळतो त्याचे आभार मानावेत.

४. डोहात औषध टाकून मासे मारण्याचा प्रकार दिसला तर ग्रामसभेला आणि वनविभागाला कळवावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल, जलस्रोत आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. आपल्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून लोक आपले जंगल आपण राखू शकतात हे दाखवून दिले. संगमावर येणाऱ्यांसाठी नियम करून फलक लावण्याचा विषय आपणही ग्रामसभेत मांडू शकतो.

५. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी आत्मपरीक्षण करताना सातव्या आज्ञेखाली हाही प्रश्न स्वतःला विचारावा.

घरात चर्चा करण्यासाठी प्रश्न

अ) आपल्या मागल्या सहलीत आपण मागे काय टाकून आलो?

ब) आपल्या गावात 'रोड मेंढरे' कोण? आपल्या वागण्याने त्यांच्या वाट्याला काय येते?

क) नियम मोडणारा आपलाच नातेवाईक असला तर आपण त्याला सांगतो का?

दरवर्षी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस असतो आणि संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या सणापर्यंत, म्हणजे ४ ऑक्टोबरपर्यंत, हा काळ ख्रिस्तसभा पाळते. परंतु आपल्याकडे सहलींचा हंगाम नाताळाच्या सुट्टीत असतो. तेव्हा सप्टेंबरात केलेली प्रार्थना डिसेंबरात नदीकाठी आपल्या हातापायांत दिसावी.

प्रार्थना : हे परमपित्या, समुद्राच्या तळाशी आणि आमच्या नदीच्या डोहात तू जे जीव ठेवले आहेस, त्यांना तूच आशीर्वाद दिला आहेस. आम्हांला तहान भागेल इतके पाणी दे आणि मागून येणाऱ्यासाठी ते स्वच्छ ठेवण्याची बुद्धी दे. कायदा राबवणाऱ्यांना धैर्य दे आणि गरिबांचा विचार करणारे मन दे. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे. आमेन.