साथीचा रोग, वर्णभेद आणि दारोदार जाणारी परिचारिका

रोगजंतूला डोळे नसतात. ज्याच्या श्वासावाटें तो शरीरांत शिरतो त्याची कातडी गोरी कीं काळी हें तो पाहत नाहीं. त्याचें कुळ, भाषा वा मिळकत यांची चौकशी करीत नाहीं. असें असतां साथ ओसरल्यावर मृतांची यादी पाहूं जावें, तों कांहीं वस्त्यांतलीं नांवें फार आणि कांहीं वस्त्यांतलीं थोडीं, असें वारंवार आढळून येतें. हें कां व्हावें? आणि तें होऊं नये म्हणून कोणी काय करावें? विद्यार्थी मित्रहो, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. उदाहरण घेतलें आहे तें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें. कारण वर्णावर्णांतील या भेदाची मोजदाद तेथें पुष्कळ झालेली आहे, आणि त्याच्याशीं झगडणाऱ्या परिचारिकांचा इतिहासही तेथें सव्वाशें वर्षांचा आहे.

भेद किती व कशामुळें

जागतिक आरोग्य संघटनेनें कोविड-१९ ही जगद्व्यापी साथ असल्याचें ११ मार्च २०२० रोजीं जाहीर केलें. त्यानंतर महिनाही लोटला नव्हता तोंच शिकागो शहरांतील आंकडे प्रसिद्ध झाले. त्या शहरांत कृष्णवर्णीयांची वस्ती शेंकडा सुमारें ३०. परंतु एप्रिलच्या आरंभापर्यंत मरण पावलेल्यांत त्यांचें प्रमाण शेंकडा सुमारें ७० होतें. पुढें सर्व देशाचा हिशेब झाला. नुकतें जन्मलेलें मूल सध्यांच्या परिस्थितींत सरासरीनें किती वर्षें जगेल याचा जो अंदाज, त्यास आयुर्मान म्हणतात. २०१९ ते २०२० या एका वर्षांत अमेरिकेंतील गोऱ्या लोकांचें आयुर्मान दीड वर्षाहून कमी घटलें. कृष्णवर्णीयांचें मात्र सुमारें तीन वर्षांनीं घटलें.

या भेदाचें मूळ रक्तांत शोधणें व्यर्थ आहे. तें रोजच्या जीवनक्रमांत सांपडतें. पहिलें कारण काम. बस चालविणें, मांसाच्या कारखान्यांत उभें राहणें, इस्पितळांत झाडलोट करणें, दुकानांत माल मांडणें, हीं कामें घरीं बसून होत नाहींत. आणि अशा कामांत कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकेंतून आलेले लोक अधिक. दुसरें कारण घर. जेथें दोन खोल्यांत तीन पिढ्या नांदतात, तेथें आजाऱ्यानें निराळ्या खोलींत राहावें हा उपदेश कोरडा ठरतो. तिसरें कारण जुनें दुखणें. मधुमेह व रक्तदाब हे विकार या वस्त्यांत अधिक. कारण चांगलें अन्न व वेळेवर औषध या दोन्ही गोष्टी तेथें दुर्मिळ. चौथें कारण वैद्यकीय विमा नसणें, ज्यामुळें मनुष्य दुखणें बळावेपर्यंत डॉक्टराकडे जातच नाहीं. आणि पांचवें कारण अविश्वास. त्याचा विचार पुढें स्वतंत्रपणें केला आहे.

ही गोष्ट केवळ अमेरिकेची आहे असें मात्र कोणी मानूं नये. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथींत आपल्या मुंबई शहरांतील मृत्यूंची नोंद समाजवार झाली होती. तींत युरोपियनांत दरहजारीं सुमारें ८ मृत्यू आढळले, तर त्या काळीं ज्यांस खालच्या जातीचे म्हणत त्या हिंदूंत दरहजारीं ६० हून अधिक. रोग एक, शहर एक, हवा एक. परंतु चाळ आणि बंगला यांतील अंतर मृत्यूच्या वहींत उतरलें.

दारोदार जाणारी परिचारिका

इस्पितळांतील परिचारिका आपल्याकडे आलेल्या रोग्याची शुश्रूषा करते. सार्वजनिक आरोग्याची परिचारिका जो आलेला नाहीं त्याचा शोध घेते. दोघींतील हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपें होईल.

या कार्याचा अमेरिकेंतील पाया लिलियन वॉल्ड या बाईंनीं घातला. १८९३ सालीं न्यूयॉर्कच्या पूर्वभागांतील निर्वासित व परदेशी मजुरांच्या वस्तींत त्या स्त्रियांस गृहशुश्रूषेचे धडे देत असत. एके दिवशीं एक लहान मुलगी त्यांस आपल्या आजारी आईकडे घेऊन गेली. मोडका जिना, कोंदट खोली आणि अस्वच्छ बिछान्यावर पडलेली बाळंतीण पाहून त्यांनीं त्याच वस्तींत राहावयास जाण्याचा निश्चय केला. हेन्री स्ट्रीट येथील त्यांची संस्था व घरोघर जाणाऱ्या परिचारिकांचें पथक यांतूनच उदयास आलें. 'सार्वजनिक आरोग्याची परिचारिका' हा शब्दप्रयोगही त्यांचाच.

परंतु त्याच शहरांतील कृष्णवर्णीयांच्या घरांत क्षयरोगानें कहर केला होता, आणि तेथें परक्या माणसाचा पाय सहसा पडत नसे. जेसी स्लीट ही कृष्णवर्णीय परिचारिका शिकागोच्या प्रॉव्हिडंट इस्पितळांत शिकून तयार झाली होती. तथापि वर्णामुळें तिला काम मिळेना. अखेर १९०० सालीं न्यूयॉर्कच्या एका धर्मादाय संस्थेनें केवळ दोन महिन्यांचा प्रयोग म्हणून तिची नेमणूक केली. आपल्या कामाचा जो वृत्तांत तिनें दिला त्यांत ४१ कुटुंबें व १५६ भेटी यांची नोंद आहे. वाचकहो, हे आंकडे भागून पाहा. प्रत्येक घरीं ती सरासरी चार वेळां गेली. पहिल्या भेटींत दार उघडतें, दुसऱ्या भेटींत दुखणें कळतें, तिसऱ्या भेटींत सल्ला पटतो आणि चौथ्या भेटींत तो आचरणांत आला कीं नाहीं हें दिसतें. एकदां जाऊन पत्रक वांटणारा आणि चार वेळां जाणारी परिचारिका यांत अंतर आहे तें हेंच. प्रयोग यशस्वी ठरला आणि तिचें काम पुढें चालू राहिलें.

अन्यायाची झळ या परिचारिकांसही लागत होती. पहिल्या महायुद्धांत शिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका सेवेस सिद्ध असतां सैन्यांत त्यांस प्रवेश नव्हता. १९१८ ची साथ पेटली व परिचारिकांचा तुटवडा पडला, तेव्हां वर्षाच्या अखेरीस त्यांपैकीं १८ जणींस दोन छावण्यांत घेण्यांत आलें. तोंपर्यंत युद्धही संपलें होतें. ज्या समाजाला मदतीची सर्वांत अधिक गरज, त्याच समाजाच्या मदतगारांस दाराबाहेर ठेवावें, याहून विपरीत तें काय?

विश्वास: मिळविलेला व गमाविलेला

आतां अविश्वासाविषयीं. अलाबामा संस्थानांतील टस्कीगी येथें १९३२ पासून सरकारी आरोग्यखात्यानें उपदंश रोगाचें एक निरीक्षण चालविलें. सुमारें ६०० कृष्णवर्णीय पुरुष त्यांत घेतले होते. त्यांपैकीं ३९९ जणांस तो रोग होता. त्यांस रोगाचें खरें नांव सांगितलें नाहीं. १९४० नंतरच्या दशकांत पेनिसिलीन हें गुणकारी औषध उपलब्ध झालें. तेंही त्यांस दिलें नाहीं. उपचारावांचून रोग कसा वाढतो हें पाहणें एवढाच हेतु. वर्तमानपत्रांनीं १९७२ सालीं हा प्रकार उघडकीस आणला तेव्हां तो थांबला, आणि १९९७ सालीं राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीं राष्ट्रातर्फे क्षमा मागितली.

या प्रकरणांत सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट ही, कीं त्या पुरुषांशीं वर्षानुवर्षें संबंध ठेवणारी व्यक्ति त्यांच्याच समाजांतील एक सार्वजनिक आरोग्याची परिचारिका होती. ती त्यांस आपल्या मोटारींतून दवाखान्यांत नेई, घरची विचारपूस करी. ते तिच्यावर विसंबले आणि म्हणूनच तो प्रकार चाळीस वर्षें टिकला. तात्पर्य असें, कीं माया व आपलेपणा हीं मोठीं साधनें खरीं. परंतु त्यांच्या पाठीमागें सत्य नसेल तर तींच साधनें घात करतात. २०२० सालीं एखादा वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ "तुमच्या लशीवर विश्वास कसा ठेवूं?" असें विचारी, तेव्हां तें अज्ञान नव्हे, ती स्मृति होती. अशा माणसास जी परिचारिका अडाणी म्हणून झिडकारील तिला यश येणें नाहीं. जी बसून ऐकून घेईल, घडलेला अन्याय मान्य करील आणि लशीविषयीं जें ठाऊक आहे तें व जें ठाऊक नाहीं तेंही स्पष्ट सांगेल, तिचें म्हणणें तो ऐकण्याचा संभव आहे.

साथींतील कार्यपद्धति

२०२० व २०२१ सालीं या परिचारिकांनीं ज्या रीतीनें काम केलें तिचे चार भाग सांगतां येतील.

पहिला भाग मोजणीचा. किती लोक आजारी एवढेंच न मोजतां कोणत्या मोहल्ल्यांतले, कोणत्या वर्णाचे, कोणती भाषा बोलणारे, हें मोजावें लागतें. जें मोजलें नाहीं तें दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्यावर उपाय होत नाहीं.

दुसरा भाग संसर्ग झालेल्यांच्या विचारपुशीचा. रोग्यास दूरध्वनीवरून "चौदा दिवस घरीं राहा" एवढें सांगून काम संपत नाहीं. त्या दिवसांत घरीं धान्य कोण आणील, मजुरी बुडाली तर भाडें कसें भरावें, म्हाताऱ्या आईस कोठें ठेवावें, हे प्रश्न सुटले तरच तो घरीं राहूं शकतो. म्हणून आरोग्याची आज्ञा आणि अन्नाची पिशवी बरोबरच न्यावी लागते.

तिसरा भाग जागेचा. लशीसाठीं इंटरनेटवर वेळ ठरवावी लागे. ज्यांच्या घरीं तें साधन होतें त्यांनीं ती आधीं ठरविली. तेव्हां लस लोकांकडे नेणें प्राप्त झालें. फिलाडेल्फिया येथें कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या एका मंडळानें २०२० च्या एप्रिलपासून चर्चच्या आवारांत मोफत तपासणी सुरूं केली, व पुढें लसही टोंचली. अन्यत्र न्हाव्याचें दुकान, शाळा, फिरती मोटार, अंथरुणास खिळलेल्याचें घर, अशा ठिकाणीं परिचारिका पोहोंचल्या.

चौथा भाग भाषेचा व माणसाचा. अमेरिकेंत चांचण्यांबाहेर पहिल्या लस घेणारांत गणल्या गेलेल्या सँड्रा लिंडसे या न्यूयॉर्कमधील एका इस्पितळांतील परिचारिका. त्या मूळच्या जमैका बेटावरील. १४ डिसेंबर २०२० रोजीं त्यांनीं सर्वांसमक्ष लस टोंचून घेतली. आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांचा धीर वाढावा हा त्यांचा उघड हेतु होता. नॅव्हाहो या मूलनिवासी लोकांचें उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. त्यांचा प्रदेश महाराष्ट्राच्या सुमारें चतुर्थांशाएवढा, आणि तेथील जवळजवळ एकतृतीयांश घरांत नळाचें पाणी नाहीं. मग हात धुवा असें कोणास सांगावें? २०२० च्या मे महिन्यांत लोकसंख्येच्या मानानें तेथील रोगाचें प्रमाण न्यूयॉर्कच्याही वर गेलें. तेथील परिचारिका व गांवोगांवचे आरोग्यसेवक यांनीं पाणी व शिधा पोहोंचविला, आणि वृद्धांस त्यांच्याच भाषेंत रोग समजावून दिला. वृद्ध गेले तर आपली भाषाही जाईल, हा विचार लोकांच्या मनांत ठसला. २०२१ च्या वसंतऋतूंत लसीकरणांत नॅव्हाहो लोक कित्येक संस्थानांच्या पुढें होते.

येथें उपकरणाविषयींही एक गोष्ट सांगितली पाहिजे. रक्तांतील प्राणवायु मोजण्यासाठीं बोटास लावावयाचा जो चिमटा असतो, तो काळ्या कातडीवर कित्येकदां प्रमाणाहून अधिक आंकडा दाखवितो, असें २०२० च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दिसून आलें. प्राणवायु खरोखर कमी असून तो पुरेसा आहे असें दिसण्याचे प्रसंग कृष्णवर्णीय रोग्यांत गोऱ्यांच्या मानानें जवळजवळ तिप्पट होते. म्हणून शहाणी परिचारिका आंकड्याबरोबर रोग्याचा चेहरा, त्याचा श्वास व त्याचें बोलणें हींही पाहते.

यश व मर्यादा

या श्रमाचें फळ काय मिळालें? लसीकरणाच्या आरंभीं कृष्णवर्णीय पुष्कळच मागें होते. परंतु २०२१ च्या शरदऋतूंत झालेल्या पाहणींत प्रौढ गोऱ्या व कृष्णवर्णीय लोकांतील तें अंतर जवळजवळ भरून निघालेलें आढळलें. हें लहान यश नव्हे. अविश्वास कायमचा असतो असें म्हणणारांस हें उत्तर आहे.

तथापि परिचारिकेच्या पिशवींत सर्वच रोगांचें औषध नसतें. ती लस देऊं शकते. घर मोठें करूं शकत नाहीं. ती सल्ला देऊं शकते. मजुरी वाढवूं शकत नाहीं. मग तिनें काय करावें? जें तिनें दाराआड पाहिलें तें नगरपालिकेस, कायदेमंडळास व वर्तमानपत्रांस सांगावें. लिलियन वॉल्ड यांनीं शुश्रूषेबरोबरच बालमजुरीविरुद्ध आवाज उठविला तो याच कारणानें. ज्याला दारें उघडतात त्याच्यावर आंतील स्थिति बोलून दाखविण्याची जबाबदारीही येते.

आपल्या शाळेंतून पुढें कित्येक मुली, आणि आतां मुलगेही, परिचर्येच्या अभ्यासक्रमास जातील. पालकांपैकीं कोणी या व्यवसायास हलका समजत असतील तर त्यांनीं वरील हकीकत पुन्हां एकवार वाचावी. आणि जे या व्यवसायांत जाणार नाहींत त्यांनींही एक संवय लावून घ्यावी. शाळेंत, गांवांत वा मोहल्ल्यांत एखादी सोय झाली म्हणजे किती आले हें तर मोजावेंच. पण कोण आलें नाहीं हेंही विचारावें, आणि मग उठून त्याच्या दाराशीं जावें.