भरदार कोंबडा विकू नकोस, माय

माय, आखाड लागला की गिऱ्हाईक दारात येईल आणि अंगणातला सगळ्यात भरदार कोंबडाच मागेल. पैसेही चांगले देईल. पण तो देऊ नकोस. बियाण्याचं कणीस आपण आधी बाजूला काढतो, मग उरलेलं खातो. कोंबड्यांत मात्र लोक उलटं करतात. चांगला पक्षी विकतात, किडमिड्यावर वंश चालवतात, आणि मग म्हणतात, गावरान जातच खालावली.

आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरे. दीड-दोन वर्षांनी तो बदल. नवा नर टेंभुर्णीचा आण, माहोऱ्याचा आण, पण आपल्याच पिल्लांतला नको. बाप-लेकीचा जोड लागला की अंडी कमी फुटतात आणि पिल्लं अशक्त निघतात.

वनराजा जातीची कोंबडी अंडी जास्त देते, खरं आहे. पण तिची पिल्लं तिच्यासारखी उतरत नाहीत, दर वेळी नवी आणावी लागतात. खुडूक बसायला आपली गावरानच हवी. तिच्याखाली दहा-बाराच अंडी ठेव, आठवड्याच्या आतली. उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांचीच. सातव्या रात्री अंडं बॅटरीच्या उजेडावर धर. लाल शिरांचं जाळं दिसलं तर आत जीव आहे. स्वच्छ दिसलं तर काढून घे. 21 दिवसांनी पिल्लं बाहेर येतील.

खाद्य आपल्या शिवारातच आहे. मका, बाजरी भरडून घाल, पण बुरशी लागलेला एक दाणाही नको, त्यात विष असतं. सोयाबीन कच्चं पचत नाही, भाजून घाल. सरकी टाळ, तिनं अंड्याचा बलक हिरवट होतो. पिल्लांसाठी जुन्या मडक्यात शेण, काडीकचरा आणि ओलं गोणपाट भर आणि संध्याकाळी वाळवीच्या जागी पालथं ठेव. सकाळी त्यात जमलेली वाळवी पिल्लांपुढे झटक. एवढा ताकदीचा चारा विकत मिळत नाही. मूठभर दाणे दिवस मावळताना खुराड्याशी टाक, म्हणजे कोंबड्या आपणहून घरी येतील.

मानमोडी आली की अख्खं खुराडं रिकामं होतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात डोळ्यात लासोटा लसीचा थेंब, आणि दोन महिन्यांनी पंखाखाली टोचायची लस. जनावरांच्या दवाखान्यात आधी विचारून ठेव.

आणि गिऱ्हाईक आलंच, तर त्याला दुसरे कोंबडे दाखव. तो भरदार तेवढा डाल्याखाली झाकून ठेव.